नृत्यप्रधान नाटकाचे चित्रपटरूपांतर

नाच हाच विषय असलेल्या नाटकावरून प्रेमविनोदी चित्रपट रचण्याची प्रक्रिया. मराठीत तिचे मूळ तमाशात असून सोलापूरला त्यात शाहीर राम जोशींमुळे विशेष स्थान आहे.

वगाच्या, म्हणजे तमाशातील कथानाट्याच्या, आरंभाविषयी मतभेद आहेत. उमा-बाबू सावळजकरांचा मोहना-बटाव (सु. १८६५) हा पहिला वग मानतात. तथापि सवाल-जवाब, सोंगे आणि बतावणी (विनोदी संवाद) त्याआधीच्या तमाशाच्या फडांतही होती. म्हणून वगाची बीजे उत्तर पेशवाईत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. सोलापूरचे राम जोशी त्याच काळातले. त्यांचे जन्मसाल कोठे १७५८, तर कोठे १७६२ असे दिले जाते. मृत्यू १८१२ किंवा १८१३ मध्ये. धोंडी शाहिराच्या फडाच्या नादाने ते लावणीकडे वळले आणि कवी मोरोपंतांच्या प्रभावाने पुढे कीर्तनाकडे, अशी परंपरा आहे.

त्यांच्यावरील लोकशाहीर राम जोशी (१९४७, जयराम शिलेदार, हंसा वाडकर) हा चित्रपट चरित्रपट आहे, रूपांतर नव्हे. तरीही फडातला नाच आणि शाहीर-नर्तकीचे प्रेम एका कथासूत्रात गुंफण्याची त्यातली रीत या विषयाच्या अभ्यासात टाळता येत नाही.

फडात नाचणारी थेट प्रेक्षकांशी बोलते, दौलतजादा (प्रेक्षकांनी दिलेले पैसे) स्वीकारते. ‘वन्स मोअर’ आला की लावणी लांबते. कॅमेऱ्यासमोर हा प्रेक्षक उरत नाही. तिची नजर मग कोणाकडे तरी वळवावी लागते. ती बहुधा नायकाकडे वळते आणि नाचाचे नाटक तेथेच प्रेमकथा होते. सोंगाड्याचा नायकाचा मित्र होतो. पूर्ण देह चौकटीत ठेवला तर पदन्यास टिकतो, पण चेहरा दुरावतो. जवळून टिपला तर अदा मिळते आणि ताल तुटतो. हा पेच संकलकाला प्रत्येक गाण्यात नव्याने सोडवावा लागतो.

मराठीबाहेरचे ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील बाझ लुहरमन यांचे स्ट्रिक्टली बॉलरूम. १९८४ मध्ये नाट्यविद्यार्थ्यांनी रचलेल्या या छोट्या नाटकाचा चित्रपट १९९२ मध्ये आला. नियमबाह्य पावले टाकणारा नर्तक आणि नवशिकी जोडीदारीण यांचे प्रेम हाच त्याचा कणा आहे. २०१४ मध्ये ते संगीतिका होऊन रंगमंचावर परतले.

सोलापूर जिल्ह्यात मोडनिंब येथे संगीतबारीची, म्हणजे वगाविना लावणी-नाचाच्या तमाशाची, कलाकेंद्रे आहेत. बैठकीच्या लावणीत नर्तकी बसून, मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनी अदा करते. समीपदृश्याला (क्लोज-अप) हाच प्रकार सर्वांत जवळचा आहे.