मोबाईलमधले टॅब: आठच्या मर्यादेपासून शंभराच्या पुढे

मोबाईलवरच्या क्रोम ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारी एक छोटा चौकोन असतो आणि त्यात उघड्या टॅबचा, म्हणजे एकाच वेळी उघडी ठेवलेल्या पानांचा आकडा. हा आकडा ९९ पर्यंतच चढतो. शंभरावा टॅब उघडला की आकडा गायब होतो आणि त्याजागी आडवा पडलेला हसरा चेहरा येतो. फायरफॉक्स तिथे अनंताचं चिन्ह दाखवतो. फोंडा असो की म्हापसा, ‘फोन स्लो झालाय, बघा जरा’ म्हणून पुढे केलेल्या फोनवर हा चेहरा दिसला तर मोबाईलच्या दुकानातला पोरगा भुवईसुद्धा उंचावत नाही. स्मार्टफोनच्या सुरुवातीच्या काळात मात्र हे शक्यच नव्हतं. फोनच तेवढे टॅब उघडू देत नसे.

मुळात टॅब ही मंद इंटरनेटवर काढलेली तोड. १९९४ मध्ये ‘इंटरनेटवर्क्स’ नावाच्या ब्राउझरमध्ये ही सोय होती, पण तो फारसा टिकला नाही. पुढे ऑपेरा आणि मोझिलाने ती उचलली, नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १.० ने ती घरोघरी नेली आणि इंटरनेट एक्स्प्लोररला २००६ मध्ये सातव्या आवृत्तीत का होईना, ती आणावी लागली. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, टेलिफोनच्या तारेवरून. पान हळूहळू वरून खाली उतरायचं. एक वाचत असताना दुसरं मागे उघडत ठेवलं की तेवढाच वेळ वाचायचा. पणजी-मडगावच्या सायबर कॅफेंत तर तासाचे पैसे मोजावे लागत. बोटीवर गेलेल्या तारवट्याची ई-मेल वाचायला आलेली घरची माणसं असोत की नोकरीचे अर्ज भरणारी मुलं, तास भरला की सगळं बंद करून उठायचं. टॅब कधी मिटायचा हे घड्याळ ठरवायचं.

हेच काम मोबाईलवर मेमरीने केलं. जून २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या पहिल्या आयफोनची रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, १२८ एमबी होती. त्यातल्या सफारी ब्राउझरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त आठ पानं उघडी ठेवता यायची. नववं हवं असेल तर आधी एक बंद करा. ही शिस्त वापरणाऱ्याच्या भल्यासाठी नव्हती, यंत्राचीच तेवढी ऐपत होती. पण तिचा परिणाम चांगला झाला असं मला वाटतं. त्या काळच्या फोनवर ‘टॅब आवरणे’ हे वेगळं काम नव्हतंच.

आपल्याकडे तेव्हा आयफोन कुणाच्या हाती होता म्हणा! गोव्यातल्या बहुतेकांनी मोबाईलवर नेट पाहिलं ते बटणांच्या जावा फोनवर, आधी ऑपेरा मिनीमध्ये आणि नंतर यूसी ब्राउझरमध्ये. ऑपेरा मिनी पान थेट फोनवर आणत नसे. कंपनीच्या सर्व्हरवर ते आवळून, बारीक करून मग फोनकडे पाठवलं जायचं. २००९ मध्ये त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या चाचणीरूपात टॅब आले. एमबी मोजून पॅक मारायचे ते दिवस, त्यामुळे एकदा उघडलेलं पान पुन्हा उघडणं म्हणजे त्याच पानाचे दोनदा पैसे. उघडं ते राहू द्यावं, ही सवय तिथूनच लागली असणार.

जून २००९ मध्ये पाम कंपनीचा ‘प्री’ हा फोन आला. त्यात प्रत्येक उघडी गोष्ट पत्त्याच्या पानासारखी दिसायची आणि नको असलेलं पान बोटाने वर भिरकावलं की बंद व्हायचं. फोन बाजारात चालला नाही. पण त्याच्या रचनेमागचे मातियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये गेले आणि २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये अ‍ॅप बाजूला सरकवून बंद करायची पद्धत आली. आज आपण टॅब बोटाने फेकतो ती लकब बरीचशी त्या बुडालेल्या फोनची आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये अँड्रॉइडसाठी क्रोमची चाचणी आवृत्ती आली. तिच्या घोषणेतच गूगलने सांगून टाकलं की टॅब हवे तेवढे उघडा, मर्यादा नाही. आयफोनच्या सफारीनेही २०१३ मध्ये आठची अट काढली. आज तिथे ५०० टॅब मावतात.

रॅम काही रातोरात वाढली नव्हती. मग हे जमलं कसं? दहावीच्या निकालाचा टॅब घ्या. गोवा बोर्डाचा निकाल लागला की घरातल्या प्रत्येक फोनवर तो उघडतो: सीट नंबर टाकायचा, गुण बघायचे, गुणपत्रिका स्क्रीनवर तशीच ठेवून फोन शेजाऱ्यांना, आजीला दाखवायला न्यायचा. आठवड्याने टॅबच्या यादीत बघितलं तर छोट्या चित्रात गुण अजून दिसतात. त्यावर बोट ठेवलं की क्षणभर पांढरं, आणि समोर पुन्हा सीट नंबरची रिकामी चौकट. पान केव्हाच टाकून दिलेलं असतं. फोनने जपलेला असतो फक्त पत्ता, मागे-पुढे जाण्याचा माग आणि ते चित्र. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची पानं बिनदिक्कत मोडीत काढतं आणि गरज पडली तर पत्त्यावरून नव्याने आणतं. यादीतले शंभर टॅब म्हणजे खरं तर शंभर पत्ते. जिवंत पानं त्यात मोजकीच.

त्यामुळे ‘टॅब बंद कर, फोन फास्ट होईल’ हा सल्ला अर्धाच खरा. नुकतेच उघडलेले दोन-चार जड टॅब मिटल्यावर फरक पडतो, महिन्यापूर्वीचे ऐंशी मिटल्याने जवळपास काहीच नाही. त्यांचा त्रास वेगळा आहे, हवा तो टॅब सापडत नाही.

मेमरीची अट अशी गेली. पैशांची अट गेली ती ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यावर. डेटा इतका स्वस्त झाला की पान उघडताना कुणी विचार करेनासं झालं. त्यात व्हॉट्सअ‍ॅप. देवळाच्या समितीचा, सोसायटीचा, शाळेच्या पालकांचा अशा प्रत्येक ग्रुपवर रोज लिंका येतात आणि अँड्रॉइडवर बहुतेक लिंका ब्राउझरमध्ये नवा टॅब होऊन बसतात. इथे एक बारकी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दुसऱ्या अ‍ॅपमधून क्रोममध्ये उघडलेल्या पानावरून ‘मागे’ दाबून परतलात तर साधारणपणे तो टॅब आपोआप मिटतो. होम दाबून बाहेर पडलात तर राहतो. आपण बहुतेक जण होम दाबतो.

गोव्यात आणखी एक कारण आहे ते सरकारी कामांचं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हेचा नकाशा, वीजबिल, नोकरभरतीची जाहिरात, सगळं आता फोनवर बघता येतं. वडिलार्जित जागेच्या एक-चौदात कुणाकुणाची नावं चढली आहेत ते तपासणारा माणूस एका बसणीत पाचसहा सर्व्हे नंबर उघडतो आणि ‘भावाला दाखवायचंय’ म्हणून तसेच ठेवतो. सत्तरी, सांगेच्या आतल्या गावांत रेंजचा भरवसा नाही, म्हणून वाळपईच्या बाजारात असतानाच पानं उघडून घरी नेणारेही आहेत. घरी पोचेपर्यंत फोनने ती टाकून दिलेली असतात हे मात्र त्यांना घरी गेल्यावरच कळतं. यावर क्रोमने २०१६ च्या अखेरीस पान डाउनलोड करून ठेवायची सोय दिली. मेनूतल्या खाली बाण असलेल्या त्या खुणेवर बोट ठेवलं की पान नेटशिवायही उघडतं. आठ-नऊ वर्षं झाली, ती खूण वापरणारे अजून फार दिसत नाहीत.

टॅब आवरण्याचे प्रयोगही कमी झाले नाहीत. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये गूगलने टॅब चक्क अ‍ॅपच्या यादीत मिसळून टाकले. हिशेबाचं अ‍ॅप, मग बातमीचा टॅब, मग कॅमेरा. लोक वैतागले आणि २०१६ मध्ये ते मागे घेतलं. आयफोनवर त्याच वर्षी, आयओएस १० मध्ये, टॅबची खूण दाबून धरली की सगळे एकदम बंद करण्याचा पर्याय मिळू लागला. २०२० च्या सुमारास अँड्रॉइडच्या क्रोममध्ये टॅबची जाळी आणि गट आले, पण लिंक दाबून धरली की ती आपसूक गटात उघडू लागली आणि न मागता गट तयार व्हायला लागले. सुधारणा म्हणून घातलेला हा घोळ होता. नंतर साध्या नव्या टॅबचा पर्याय परत द्यावा लागला. सफारीत गट आले ते २०२१ मध्ये.

लोक टॅब बंद करणार नाहीत हे कंपन्यांनी एव्हाना ओळखलं होतं. आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, सफारीला सांगून ठेवता येतं की एक दिवस, एक आठवडा किंवा एक महिना न पाहिलेले टॅब तूच मिटव. सेटिंग्जमध्ये सफारी (आयओएस १८ पासून ती ‘अ‍ॅप्स’च्या आत), त्यात टॅब बंद करण्याचा पर्याय. मुळात तो ‘हाताने’वर असतो, त्यामुळे तिथवर न गेलेल्याला काहीच फरक पडत नाही. फायरफॉक्सने २०२१ मध्ये अँड्रॉइडवर वेगळी वाट धरली: दोन आठवडे न उघडलेले टॅब बंद न करता ‘निष्क्रिय’ म्हणून एका बाजूला. क्रोमनेही नंतर तेच केलं, आधी आयफोनवर, मग अँड्रॉइडवर. तिथे मुदत २१ दिवसांची आहे, ती सेटिंग्जमधून बदलता येते किंवा बंदही करता येते. आकडा अचानक साठवरून नऊवर आलेला पाहून टॅब उडाले म्हणून घाबरणाऱ्यांनी यादीच्या अगदी वर बघावं, निष्क्रिय टॅबांची पट्टी तिथेच असते.

हाताने चुकून मिटलेला टॅब ‘अलीकडचे टॅब’मध्ये सापडतो, तिथे नसेल तर इतिहासात. गुप्त टॅबला मात्र ही सवलत नाही, तो मिटला की फोनवर त्याचा पत्ताही उरत नाही.