आधी कान, मग स्क्रू ड्रायव्हर : जुन्या टू-इन-वनची दुरुस्ती

जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर एकत्र असलेला सेट, वाजतोय, पण गाण्यातला लांबवलेला स्वर लटपटतोय. अशा वेळी मागचं झाकण उघडण्याआधी सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या आणि ती लटपट किती वेळाने परत येते ते मोजा. साधारण सेकंदाला एकदा येत असेल तर पिंच रोलरवर संशय घ्या. दीड ते सव्वातीन सेकंदांनी येत असेल तर कॅसेटचं चाक कुठेतरी अडतंय. आणि मोजताच येणार नाही इतकी जलद, थरथरल्यासारखी असेल तर कॅप्स्टन किंवा बेल्ट.

यामागचं गणित सोपं आहे. १९६३मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली तेव्हापासून टेपचा वेग ठरलेला आहे : सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. टेप ज्या ज्या गोल भागावरून जाते, त्याचा घेर या वेगाने सरकतो. पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून धरणारं रबरी चाक, साधारण १३ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा घेर सुमारे ४१ मिलिमीटर, म्हणून तो सेकंदाला एकाहून थोड्या जास्त फेऱ्या मारतो. कॅप्स्टन ही त्याला टेकणारी बारीक पोलादी दांडी. ती २ मिलिमीटरची असेल तर सेकंदाला साडेसात फेऱ्या होतात. कॅसेटमधल्या गुंडाळीचा घेर मात्र बदलत जातो, म्हणून तिची एक फेरी बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगवेगळा वेळ घेते. लटपटीचा काळ गाणी पुढे सरकतील तसा हळूहळू बदलत असेल, तर दोष चाकाकडेच आहे असं समजायला हरकत नाही. अशा वेळी दुसरी, चांगली चालणारी कॅसेट लावून पाहा, कारण पुष्कळदा कॅसेटच घट्ट झालेली असते आणि यंत्राचा काही दोष नसतो.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की जुन्या टेपरेकॉर्डरचे बहुतेक बिघाड यांत्रिक असतात. रबर, वंगण, मळ आणि गंज. तरी लोक सोल्डरिंग गन आधी हातात घेतात आणि चालत असलेलं सर्किट बिघडवून बसतात. दुरुस्ती करताना सेट सेलवर चालवावा. मेनची वायर लावलेली असताना ट्रान्सफॉर्मरच्या आसपास हात नेऊ नये, प्राणाशी गाठ आहे.

सेट अजिबात सुरू होत नसेल तर पहिला थांबा सेलच्या डब्याचा. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरट क्षार दिसतो. तो अल्कधर्मी असतो, व्हिनेगरचे दोनचार थेंब लावलेल्या कापसाच्या काडीने निघतो. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी. नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा आणि स्प्रिंगा बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. मल्टीमीटरने व्होल्टेज मोजायचं ते सेट चालू करून आणि आवाज वाढवून. सहा सेलवर ९ व्होल्ट अपेक्षित आहेत. आवाज वाढवताच ते ७च्या खाली कोसळत असेल तर सेल उतरलेत किंवा एखादा सांधा अजून गंजलेला आहे. मेनवर चालतो पण सेलवर नाही, अशी तक्रार असेल तर बाहेरच्या पुरवठ्याचं सॉकेट तपासा. पिन आत गेली की सेल तोडणारी एक पत्ती त्यात असते, आणि ती काळी पडली की सेट सेलला कायमचा विसरतो.

रेडिओ वाजतो पण टेप फिरत नाही? प्ले दाबून मोटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहा. तिथे काहीच नसेल तर बटणाखालच्या पितळी पत्त्यांचा स्विच टेकत नाही. व्होल्टेज आहे आणि मोटर गप्प आहे, तर बहुधा वितळलेल्या बेल्टने पुली चिकटवून टाकली आहे.

बेल्ट वितळतो म्हणजे नेमकं काय होतं? पॉलियुरेथेन जातीचा बेल्ट असेल तर हवेतल्या बाष्पाने त्याच्या लांब रेणूसाखळ्या वर्षानुवर्षं तुटत राहतात आणि शेवटी डांबरासारखा काळा चिकट लगदा उरतो. तो बोटाला लागला की दिवसभर निघत नाही, म्हणून हातमोजे घाला. आधी लाकडी टूथपिकने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काड्यांनी पुली आणि फ्लायव्हीलची, म्हणजे कॅप्स्टनला जोडलेल्या जड चाकाची, खाच पुसा. शेवटची काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नये. खाचेत राहिलेला एक काळा ठिपकाही नव्या बेल्टला प्रत्येक फेरीत धक्का देतो.

नवा बेल्ट कसा मापायचा? बेल्ट जिथून जायचा त्या सगळ्या वाटेवरून दोरा फिरवा, लांबी मोजा आणि त्यातून ५ टक्के वजा करा. दोरा २०० मिलिमीटर भरला तर आतला घेर १९० मिलिमीटर हवा, म्हणजे व्यास साधारण ६० मिलिमीटर. घट्ट बेल्ट मोटरचं बेअरिंग एका बाजूला ओढून झिजवतो, आणि सैल बेल्ट प्ले दाबताच घसरतो. पण लांबीपेक्षा जाडीकडे लोकांचं जास्त दुर्लक्ष होतं. पुलीचा कामाचा व्यास म्हणजे पुलीचा व्यास अधिक बेल्टची जाडी. मोटरची पुली ८ आणि फ्लायव्हील ४७ मिलिमीटरचं आहे असं धरा. १.२ मिलिमीटरच्या चौकोनी बेल्टऐवजी १.६चा बसवला तर लहान पुलीचा व्यास प्रमाणात जास्त वाढतो, आणि टेप जवळजवळ साडेतीन टक्के जलद पळते. संगीतात एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ६ टक्के. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरकाने गायकाचा सूर अर्ध्या अर्धस्वराहून अधिक चढतो! जुन्या बेल्टचा तुकडा हाताशी असेल तर त्याची जाडी व्हर्नियरने मोजून ठेवावी.

कॅसेट खाणं ही सगळ्यांची आवडीची तक्रार. टेप पिंच रोलरभोवती गुंडाळली जाते तेव्हा लोक रोलरला दोष देतात. खरं तर कॅप्स्टन आपलं काम चोख करत असतो. तो टेप पुढे ढकलत राहतो, पण उजवं चाक ती गोळा करत नाही, आणि सुटी झालेली टेप जवळच्या फिरणाऱ्या दांडीला वेढते. तपासणी अशी : कॅसेट न लावता प्ले दाबा आणि उजवं चाक फिरवणारा दांडा दोन बोटांत हलकेच धरा. त्याने विरोध करायला हवा, थांबला तरी सोडताच जोमाने फिरायला हवा. आतला क्लच घसरतो तो मुद्दाम तसा केलेला असतो. नुसत्या स्पर्शाने दांडा थांबत असेल तर त्याला फिरवणारी लहान रबरी चकती किंवा दुसरा बेल्ट थकला आहे.

बाजूच्या शेवटाला कॅसेट जास्त गुंतते, याचंही उत्तर इथेच मिळतं. चाकाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४० ग्रॅम-सेंटिमीटर आहे असं समजू. सुरुवातीला गुंडाळीची त्रिज्या १.१ सेंटिमीटर असते, म्हणजे टेपवर सुमारे ३६ ग्रॅमचा ताण येतो. शेवटी त्रिज्या अडीचच्या जवळ जाते आणि तोच पीळ जेमतेम १६ ग्रॅम ओढतो. थकलेलं चाक हा शेवटचा टप्पा पार करू शकत नाही.

रोलर काचेसारखा चकाकत असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने फिरवत फिरवत अगदी हलकं घासा. तडे गेले असतील तर बदलणंच बरं. कॅप्स्टनच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यायचा. रबरावर तेल गेलं तर वरची सगळी मेहनत वाया.

आता आवाज घुसमटलेला येतो तो प्रश्न. हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग. त्याच्यावरच्या तपकिरी मळाकडे लोक सहज दुर्लक्ष करतात, कारण तो डोळ्याला क्षुल्लक वाटतो. पण १० किलोहर्ट्झचा स्वर टेपवर फक्त ४.७६ मायक्रॉन लांबीच्या लाटेत मावलेला असतो. हेड आणि टेप यांच्यात १ मायक्रॉन मळ बसला तर त्या स्वराचे ११ डेसिबलहून जास्त जातात. आयसोप्रोपिलच्या काडीने हेडचा तोंडाकडचा चकचकीत भाग पुसा. ते पाच मिनिटांचं काम आहे आणि एवढ्यानेच पुष्कळ सेट पुन्हा खुलतात.

पुसूनही आवाज दबलेला राहिला, तर हेडचा कोन पाहायचा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला एक स्क्रू असतो, त्यावर बहुधा रंगाचा ठिपका असतो. हेडमधली फट टेपच्या दिशेशी काटकोनात हवी. स्टिरिओची एक पट्टी ०.६ मिलिमीटर रुंद असते, आणि फट अर्ध्या अंशाहूनही कमी, सुमारे ०.४५ अंश कलली तरी १० किलोहर्ट्झचा स्वर पूर्ण नाहीसा होतो. म्हणून स्क्रूची मूळ जागा पेनाने खूण करून ठेवा आणि झांजा-करताळ स्पष्ट असलेली, दुकानातून विकत घेतलेली कॅसेट लावा. घरी भरलेली कॅसेट चालणार नाही, ती ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन तिच्यात आलेला असतो. मोनोचं बटण असेल तर ते दाबा, कारण डावा आणि उजवा आवाज एकत्र आला की चूक जास्त ठळक ऐकू येते. मग एका वेळी अष्टमांश वळसा, उजवीकडे आणि डावीकडे. सर्वांत तिखट आवाज जिथे येतो तिथे थांबा आणि नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. पलीकडच्या घट्ट स्क्रूला हात लावायचा नाही.

एकच स्पीकर वाजत असेल तर रेडिओ लावून पाहा. रेडिओ दोन्हीत वाजला तर दोष टेपच्या बाजूला : हेड, त्याची बारीक वायर किंवा रेकॉर्ड-प्ले स्विच. हा लांबोडा सरकणारा स्विच तोच अॅम्प्लिफायर कधी भरायला, कधी वाजवायला जोडतो. त्यात डझनभर तरी संपर्क असतात आणि ते काळे पडले की शिट्टी, खरखर, एक बाजू गायब, असं काहीही होऊ शकतं. सेट बंद करून, प्लॅस्टिकला न खाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर आत मारा आणि रेकॉर्डचं बटण २०-३० वेळा पुढेमागे करा, रिकाम्या कॅसेटसह. रेडिओही एकाच बाजूला वाजत असेल तर आधी हेडफोनच्या भोकात प्लग दहा-वीस वेळा घालून काढा, मग व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या फिरत्या भागात, तोच क्लीनर फवारा.

सेट मेनवर घूं असा आवाज करतो आणि सेलवर करत नाही, तर पुरवठ्यातला मोठा कपॅसिटर सुकला आहे. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा बसवा, धन-ऋण टोक चुकवू नका.

वेग सर्वांत शेवटी लावायचा, बेल्ट आणि रोलर नवे झाल्यावर. ३१५० हर्ट्झचा स्वर भरलेल्या चाचणीच्या कॅसेटवर फोनमधल्या वारंवारता मोजणाऱ्या अॅपने वाचन घ्या. मोटरच्या मागच्या छिद्रात एक ट्रिमर, म्हणजे वेग कमीजास्त करणारा लहान स्क्रू, असतो. धातूचा स्क्रू ड्रायव्हर आतल्या भागांना शॉर्ट करू शकतो, म्हणून प्लॅस्टिकचा वापरा. पंधरा मिनिटं चालू दिल्यावरच हात लावा, कारण गार मोटर आणि ताठ वंगण सुरुवातीला वेगळा वेग दाखवतात. ३१२० ते ३१८०च्या आत आलं की १ टक्क्याच्या आत आहात, पोर्टेबल सेटला पुरे. मग एक अख्खी बाजू शेवटपर्यंत वाजवून आकडा पुन्हा पाहा. शेवटच्या पाच मिनिटांत तो घसरला तर बेल्ट अजून थोडा सैल आहे.