सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि टॉर्क रेंचची निवड

सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यात आयुष्य काढलेला फिटर नट आवळताना कुठलेही मोजमाप पाहत नाही, आणि तरीही त्याचा नट ढिला राहत नाही की तुटत नाही, कारण तोच नट त्याच्या हाताखालून हजारो वेळा गेलेला असतो. घरच्या अंगणात मोटारसायकलचे ऑइल बदलणाऱ्याच्या हाती ड्रेन बोल्ट वर्षातून दोन-तीनदाच येतो, आणि एवढ्या सरावावर हाताला अंदाज बसत नाही. माझ्या गाडीच्या चेंबरचे आटे मी असेच घालवले. ऑइल गळू नये म्हणून जरा जास्त आवळायला गेलो आणि बोल्ट एकाएकी हलका फिरू लागला. पुढे चेंबरला नवे आटे पाडून घेण्यात दोन दिवस गेले. त्यानंतर टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला जातो ते मोजणारा पाना, घ्यायचे ठरवले, तेव्हा कोणता घ्यावा हे कळण्यासाठी आधी बोल्ट नेमके काय काम करतो हे समजून घ्यावे लागले.

आवळलेला बोल्ट ही खरे तर एक ताठ स्प्रिंग असते. नट फिरतो तसा बोल्ट किंचित ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परत येण्याची त्याची ओढ दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. ताण कमी पडला तर इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होतो. मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा अ‍ॅल्युमिनिअमचे आटे उपटून येतात. हा ताण घरी मोजता येत नाही, म्हणून आपण टॉर्क मोजतो. टॉर्क म्हणजे लावलेले बल आणि अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 40 न्यूटन, म्हणजे सुमारे चार किलो वजनाइतका जोर लावला की 10 न्यूटन-मीटर टॉर्क होतो. तेवढ्यावर 6 मिलिमीटर जाडीच्या कोरड्या बोल्टमध्ये सुमारे 8,300 न्यूटन ताण निर्माण होतो, म्हणजे साडेआठशे किलो वजनाइतका. मनगटाच्या साध्या हिसक्यात एवढी ताकद दडलेली असते, हे आकडेमोड करेपर्यंत मलाही पटले नव्हते.

मात्र लावलेल्या टॉर्कपैकी जेमतेम दहावा हिस्सा ताणाच्या कामी येतो. उरलेला सगळा बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि तोच 10 न्यूटन-मीटर टॉर्क सुमारे एक तृतीयांश जास्त ताण देऊ शकतो, डोक्यावर 8.8 असा मजबुतीचा आकडा असलेला 6 मिलिमीटरचा बोल्ट त्यामुळे आपल्या सुरक्षित मर्यादेच्या काठावर जातो. उलट आट्यांत धूळ साचली असेल तर ठरलेला टॉर्क आल्याची खूण म्हणून रेंच टक् वाजेल, पण बोल्ट ढिलाच राहील. सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या बारीक धुळीत फिरलेल्या गाडीचे आटे ब्रशने साफ करणे म्हणूनच मोजमापाचाच भाग ठरते. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर आटे स्वच्छ आणि कोरडे असावेत.

आता निवडीकडे वळू. अनेक जण 40 ते 200 न्यूटन-मीटरचा, अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा मोठा रेंच आधी घेतात, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. मोटारसायकलवर सर्वाधिक संख्या 8 किंवा 10 नंबरच्या पान्याने फिरणाऱ्या छोट्या बोल्टांची असते. त्यांना साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर लागतात, आणि आटे जातात ते मुख्यतः याच बोल्टांचे. टॉर्क रेंच आपल्या पट्टीच्या खालच्या पाचव्या भागात भरवशाचा नसतो, आणि अर्धा मीटर लांब पान्यावर 10 न्यूटन-मीटरसाठी जेमतेम दोन किलोचा जोर पुरत असल्याने हाताला काही जाणवायच्या आतच मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पहिला रेंच पाव इंचाच्या टोकाचा, 5 ते 25 न्यूटन-मीटरचा घ्यावा. चेन ताणल्यावर मागच्या चाकाचा एक्सल नट आवळण्यासाठी सुमारे 20 ते 100 न्यूटन-मीटरचा दुसरा रेंच सवडीने घेतला तरी चालतो.

प्रकारांपैकी काटा असलेला साधा दांडीचा रेंच स्वस्त असतो आणि सहसा बिघडत नाही, पण काटा अगदी समोरून पाहावा लागतो, आणि गाडीच्या खाली वाकून ते जमत नाही. टक् वाजणाऱ्या रेंचमध्ये स्प्रिंगने दाबून धरलेली कळ ठरलेल्या बलाला निसटते. चांगल्या रेंचची चूक सुमारे 4 टक्क्यांच्या आत असते. टक् वाजल्यावर खात्रीसाठी पुन्हा एकदा ओढण्याची सवय मात्र मोडावी, कारण त्या ओढीने टॉर्क वाढतो. पट्टीवरचे एककही तपासून घ्यावे. पुस्तिकेतले 25 न्यूटन-मीटर चुकून फूट-पाउंडच्या पट्टीवर लावले, तर बोल्टवर 34 न्यूटन-मीटर पडतात.

तापमानाचाही विचार हवा. उष्णतेने अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून अक्कलकोटहून येऊन लगेच तापल्या इंजिनाचा स्पार्क प्लग काढू नये, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर टॉर्क लावू नये; सकाळी सावलीत, थंड इंजिनावर काम करावे.

घेतलेला रेंच ढोबळमानाने घरीही तपासता येतो. त्याचे चौकोनी टोक बाकाच्या शिकंज्यात धरून दांडी आडवी ठेवावी आणि त्या चौकोनी टोकापासून 20 सेंटिमीटरवर बादली टांगून त्यात पाणी ओतत जावे. बादलीसह वजन पाच किलो झाले की 9.8 न्यूटन-मीटर होतात. दांडीचे स्वतःचे वजन त्यात थोडी भर घालते, हे ध्यानात धरावे. 10 वर लावलेला रेंच साडेतीन किलोलाच निसटला, किंवा सात किलोलाही गप्प राहिला, तर तो कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मोजमाप तपासून जुळवून घेण्यासाठी, पाठवावा. काम झाल्यावर पट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, म्हणजे स्प्रिंग थकत नाही. आणि घट्ट बसलेले बोल्ट सोडवायला हा रेंच कधीही वापरू नये, त्यासाठी साधा पाना असतो.