स्टॅबिलायझर असूनही टीव्ही का जळतो?

दुकानात स्टॅबिलायझर आणि स्पाइक गार्ड एकाच फळीवर असतात. गिऱ्हाईक विचारतं तेही एकच: “लाइट कमी-जास्त होते, टीव्ही जळू नये असं काहीतरी द्या.” मग समोर येईल तो डबा घरी जातो. कुणी फ्रीजला स्पाइक गार्ड लावतं, कुणी नव्या एलईडी टीव्हीला स्टॅबिलायझर, आणि दोघंही निर्धास्त होतात. वळवाचा पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीला येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: “पण स्टॅबिलायझर होता की!”

स्टॅबिलायझर होता आणि तो चांगलाही होता. पण टीव्ही ज्यानं जळला ते थांबवणं त्याचं कामच नव्हतं. स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर (दुकानातला स्पाइक गार्ड हा त्याचाच प्रकार) या दोन वेगळ्या बिघाडांसाठीच्या वस्तू आहेत. तुमच्या घराला कोणती हवी हे ठरवायला एकच प्रश्न विचारायचा: बिघाड किती वेळ टिकतो?

संध्याकाळी पंखा रेंगाळतो, ट्यूब फडफडते, मिक्सरचा आवाज बसतो, हा पहिला प्रकार. घरात २३० व्होल्ट यायला हवेत, नियमानं सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण जिथे घरं आणि शेतीपंप एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आहेत, तिथे द्राक्षबागांना पाणी सुरू झालं की लाइनच्या टोकाच्या घरात १७०-१८० व्होल्ट उरतात. तासगाव, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्याकडे खटाव-माण भागात वस्तीवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पंप बंद झाले की रात्री हाच आकडा उलट वर चढतो. हे मिनिटं नाही, तास तास चालतं.

यात सगळ्यात जास्त हाल होतात मोटर असलेल्या वस्तूंचे. जुन्या पद्धतीच्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरला व्होल्टेज कमी मिळालं तरी काम तेवढंच करायचं असतं, म्हणून तो करंट जास्त ओढतो आणि वाइंडिंग तापतं. सुरू होतानाच जोर पुरला नाही तर फ्रीजमागून नुसता ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, मग ‘टक्’ होऊन तो गप्प बसतो आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. हा आवाज ऐकला की फ्रीज लगेच बंद करा. कॉम्प्रेसर असाच मरतो.

स्टॅबिलायझर इथे उपयोगी पडतो. त्याच्या आत एक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करणारं तारेचं वेटोळं. त्याला ठिकठिकाणी टॅप, म्हणजे जोड, काढलेले असतात आणि व्होल्टेज बघून रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, त्यातला योग्य टॅप जोडतो. कमी आलं तर वाढवून देतो, जास्त आलं तर उतरवून. रात्री घर शांत असताना त्यातून येणारी टकटक ही रिलेचीच असते. चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये आणखी एक सोय असते, ती माझ्या मते निम्मी किंमत वसूल करते: लाइट गेली आणि लगेच आली, तर तो दोन-तीन मिनिटं थांबूनच फ्रीजला किंवा एसीला पुरवठा देतो. तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब उतरतो आणि तो सुखानं सुरू होतो.

आता दुसरा प्रकार. वीज घरावरच पडायला लागते असं नाही. बाजूच्या शिवारात पडली तरी खांबांवरच्या लांबलचक तारांमध्ये हजारो व्होल्टचा झटका उमटतो आणि तारेवरूनच घरात शिरतो. मोठी मोटर बंद होताना किंवा लाइट परत येतानाही लहान झटके येतात. हा सर्ज. तो केवढा थोडा वेळ टिकतो ते बघा: सर्ज प्रोटेक्टरची चाचणी ज्या झटक्यावर घेतात तो ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि २० मायक्रोसेकंदांत निम्मा होतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. रिलेला टॅप बदलायला १०-२० मिलिसेकंद तरी लागतात. तेवढ्यात असे पाचशे-हजार सर्ज येऊन जातील. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी फुटाफुटानं चढतं तेव्हा सामान माडीवर न्यायला वेळ मिळतो, डोंगरातल्या ओढ्याला लोंढा येतो तेव्हा मिळत नाही. स्टॅबिलायझर कितीही भारी असला तरी लोंढ्याला तो पुरत नाही.

सर्ज प्रोटेक्टरमध्ये हलणारं काही नसतं. त्यात असतो एमओव्ही, झिंक ऑक्साइडची एक चकती. नेहमीच्या व्होल्टेजला ती अडून बसते, जणू तारेला जोडलेलीच नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर उसळलं की एका मायक्रोसेकंदाच्या आत वाट मोकळी करते आणि झटका न्यूट्रल (विजेची परतीची तार) किंवा अर्थिंगकडे वळवते. टीव्हीपर्यंत पोचतो तो उरलेला, सोसवेल इतका. पण घरात १६० व्होल्ट येत असतील तर ही चकती काहीच करत नाही. फ्रीज तिच्यासमोर जळेल. म्हणजे दोघांपैकी एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

काही स्टॅबिलायझरच्या आत एक छोटा एमओव्ही बसवलेला असतो हे खरं. तो नसण्यापेक्षा बरा, एवढंच.

आणि स्पाइक गार्ड म्हणून विकली जाणारी प्रत्येक पट्टी स्पाइक गार्ड नसते. जुनी पट्टी प्लगमधून काढून मागचे स्क्रू उघडून बघा. स्विचजवळ एक रुपयाच्या नाण्याएवढी निळी किंवा पिवळी चकती, दोन पाय खाली सोल्डर केलेले, अशी दिसली तर ठीक. कित्येक पट्ट्यांत पितळी पट्ट्या, एक लाल दिवा आणि फ्यूज याशिवाय काहीच नसतं. तो निव्वळ एक्स्टेन्शन बोर्ड झाला. कधी चकती असते, पण तडकलेली, आणि आतल्या प्लास्टिकवर काजळी धरलेली. तिनं एखादा झटका अंगावर घेतला आणि ती संपली, बाहेरचा दिवा मात्र अजून छान लागतोय. एमओव्ही प्रत्येक सर्जला थोडा थोडा झिजतो. विकत घेताना खोक्यावर जूल आणि किलोअँपिअरचे आकडे, म्हणजे केवढा झटका सोसेल ते, छापलेत का ते बघा. ते नसतील तर ठेवून द्या.

इथवर दोनच वस्तूंची गोष्ट होती. पण आपल्याकडे एका संध्याकाळी चार-पाच घरांतल्या वस्तू एकदम जळतात, लोक “सर्ज आला” म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो सर्ज नसतोच. तो न्यूट्रल तुटलेला असतो. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही हरतात.

डीपीवरून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल निघतो. प्रत्येक घराला एक फेज आणि तो सामाईक न्यूट्रल. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, न्यूट्रल जागेवर आहे म्हणून घराला २३० मिळतात. वाऱ्यात तार तुटली, जोड गंजून सुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी एकामागे एक जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. समजा एका घरात २००० वॅटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्या घरात दिवा-पंखा मिळून १०० वॅट. हिशेब केला तर गिझरवाल्याकडे वीसेक व्होल्ट उरतात आणि दिवा-पंख्यावाल्याकडे ३८० जातात. म्हणजे ज्यानं कमी वीज वापरली त्याच्याच वस्तू जळतात. ओळखायची खूण सोपी आहे: एका घरातले दिवे डोळे दिपतील असे आणि शेजारी अगदी मिणमिणते, किंवा पंखा अचानक सुसाट. असं दिसताक्षणी आधी मेन स्विच खाली ओढा, मग लाइनमनला फोन करा.

हे ३८० व्होल्ट मिनिटं मिनिटं टिकतात. २७५ व्होल्टच्या एमओव्हीला ते सर्जच वाटतं, तो वाट मोकळी करतो आणि तशीच ठेवतो, तापतो, फुटतो. म्हणून त्यात थर्मल डिस्कनेक्टर, म्हणजे तापताच एमओव्हीला तोडणारा भाग, हवाच, नाहीतर आग लागायची भीती. स्टॅबिलायझरचीही मर्यादा साधारण २७० ते ३०० व्होल्टपर्यंतच. हाय-कट, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की तोडायची सोय, असेल तर तो पुरवठा तोडेल, पण तोवर स्वतःच जळालेला असू शकतो. इथे तिसरी वस्तू लागते: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीशेजारी डीबीमध्ये, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, बसणारा, आकडा दाखवणारा छोटा डबा. तो काही सुधारत नाही, फक्त बघतो. समजा १७० ते २७० अशी हद्द लावली, तर त्याबाहेर गेलं की सगळ्या घराची लाइट तोडतो आणि व्होल्टेज ठीक झाल्यावर ठरवलेल्या वेळानं पुन्हा जोडतो. गावाकडच्या घरात तो नसणं मला खरोखर काळजीचं वाटतं.

एमसीबी आणि आरसीसीबी आहेत म्हणून हे सगळं झालंच आहे असं समजू नका. एमसीबी जादा करंट आणि शॉर्ट सर्किटसाठी, आरसीसीबी माणसाला शॉक लागू नये म्हणून. दोन्ही हवेतच, पण व्होल्टेजकडे दोघंही बघत नाहीत.

कुठल्या वस्तूला काय लावायचं? टीव्ही, लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर यांच्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं दिसेल. कमी व्होल्टेज त्यांना चालतं, म्हणून टीव्हीला स्टॅबिलायझर बहुतेक वेळा अनाठायी खर्च आहे. त्यांना भीती सर्जची. जुना फ्रीज, साधा एसी यांचं उलट. नव्या इन्व्हर्टर एसीच्या जाहिरातीत ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं असतं, ते दिलेल्या मर्यादेपुरतं खरंही असतं. पण त्याचा अर्थ ‘सर्जची भीती नाही’ असा होत नाही. त्यातलं सर्किट बोर्ड टीव्हीइतकंच नाजूक आणि बदलायला महाग.

घरासाठीचा चांगला सर्ज प्रोटेक्टर डीबीत बसतो, त्याला टाइप २ म्हणतात. इमारतीवर वीजरोधक सळई असेल किंवा घर उघड्या माळावर एकटं असेल तर टाइप १ किंवा दोन्हींचा जोड लागतो. टेबलाजवळच्या चांगल्या पट्टीला टाइप ३ म्हणतात, आणि ती टाइप २ च्या जोडीला असते, त्याच्याऐवजी नाही. बसवताना एक चूक फार होते. वायरमन हात सफाईचा असला की तारेची छान गोल गुंडाळी करून ठेवतो. सर्जच्या वेगाला सरळ तारसुद्धा अडथळा असते, मीटरभर तारेत हजारभर व्होल्ट सहज उरतात आणि ते वस्तूंच्या वाट्याला येतात. फेज आणि अर्थ मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत, सरळ आणि आखूड, हे त्याला उभं राहून सांगा.

अर्थिंग धड नसेल तर पैसे आधी तिथे घाला. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे काम सोपं आहे. महाबळेश्वर-पाटणकडच्या जांभ्यात आणि खडकात एक पाइप ठोकून भागत नाही, खड्डे वाढवावे लागतात. मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतायची जुनी सवय योग्यच आहे. वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून रोध मोजून घ्या. आणि न्यूट्रल गेला की अर्थिंगवर लाइट चालवण्याचा जो प्रकार वस्त्यांवर चालतो तो कृपा करून करू नका. त्यात घरातली नळाची तोटीसुद्धा जिवंत होऊ शकते.

वीज मीटरमधूनच येते असंही नाही. डिशची छत्री, केबल टीव्हीची तार, छतावरच्या सोलरच्या डीसी तारा यांतूनही सर्ज शिरतो. सोलरला डीसीचा वेगळा प्रोटेक्टर लागतो. इंटरनेट काचेच्या फायबरचं असेल तर त्या बाजूनं धोका नाही, पण राउटरचा अडॅप्टर प्लगमध्येच असतो. जवळच पडलेल्या विजेपुढे कुठलाही प्रोटेक्टर खात्रीचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा. त्यानं इशारा दिला की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नका.

खर्चाचा क्रम मी असा लावेन. सांगली शहरात विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये व्होल्टेज बहुतेक वेळ स्थिर असेल, तर आधी टाइप २ प्रोटेक्टर, मग व्होल्टेज प्रोटेक्टर, स्टॅबिलायझर जुना एसी असेल तरच. आटपाडी-जतकडच्या वस्तीवर आधी अर्थिंग, लगेच व्होल्टेज प्रोटेक्टर, मग टाइप २, आणि फ्रीजला स्टॅबिलायझर हवाच. तो घेताना साध्या घरगुती फ्रीजला अर्धा केव्हीए, दीड टनाच्या एसीला चार केव्हीए हे माप धरा. घरात सर्वांत कमी किती व्होल्ट येतात ते संध्याकाळी मीटरवर दोन-चार दिवस बघून ठेवा आणि तो आकडा दुकानदाराला सांगा. १३० पर्यंत उतरत असेल तर १७० पासून चालणारा स्टॅबिलायझर घेऊन उपयोग नाही.