मैदानाकडेच्या लोकांनी निवडलेला खेळाडू

गेल्या हंगामात आमच्या फुटबॉल मंडळाने बक्षिसाची पद्धत बदलली. आधी अंतिम सामन्याला आलेले प्रमुख पाहुणे ‘उत्कृष्ट खेळाडू’ जाहीर करायचे. वर्षातून एकच सामना पाहणाऱ्याला गोल मारणाराच दिसणार, त्यात त्यांचा दोष नाही. या वेळी मात्र कडेला बसणाऱ्यांनीच ठरवलं. पोट्ट्यांनी जिनिंगच्या काटापावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर नावं लिहून तेलाच्या रिकाम्या पिप्यात टाकली. पाराजवळ मोजणी झाली आणि निवडून आला आमचा डावा बॅक, म्हणजे मागे राहून डावी बाजू राखणारा खेळाडू. हंगामभरात त्याच्या नावावर एकही गोल नव्हता.

हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या आमच्या पट्ट्यात फुटबॉल तसा पाहुणाच. विदर्भात तो रुजला कामठीसारख्या छावणीच्या गावात आणि नागपूरच्या मैदानांवर. त्यामुळे ही पद्धत कुठून आणली, हे जाणत्यांनी विचारणं रास्तच होतं.

ती लंडनच्या पूर्व भागातली. वेस्ट हॅम हा क्लब 1895 साली टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांमधून उभा राहिला, म्हणून त्याच्या चिन्हावर हातोडे. तिथे 1957-58 च्या हंगामापासून ‘हॅमर ऑफ द इयर’ हा चाहत्यांनी द्यायचा मान सुरू झाला. त्या वर्षी संघ दुसऱ्या विभागातून पहिल्यात चढला. गोल करणारे दुसरेच होते. मान मिळाला अँडी माल्कम या हाफला, ज्याचं काम समोरच्या संघातल्या सर्वांत घातक माणसाला चिकटून राहण्याचं. पुढच्या वर्षी सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, केन ब्राउन.

इंग्लंडमध्ये खेळाडूंचे सन्मान त्याआधीही होते. फुटबॉल पत्रकारांनी 1948 साली आपला पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. पण क्लबच्या चाहत्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते समजायला त्या काळचा क्लब समजून घ्यावा लागतो. चाहत्यांच्या संघटना चहा विकून, सोडती काढून पैसा उभा करत आणि स्टँडवर छप्पर घालायला क्लबला देत. त्यांच्या राष्ट्रीय महासंघाचं 1927 पासूनचं ब्रीदच होतं : मदत करायची, अडथळा आणायचा नाही. पैसा देऊनही कारभारात त्यांना आवाज नव्हता. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, हे संचालक ठरवत. वर्षाचा खेळाडू निवडणं ही त्यांच्या मताला किंमत असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक होती, म्हणून मला हा साधा पुरस्कार मोलाचा वाटतो. शिवाय खेळाडूही तेव्हा त्यांच्यातलाच होता. 1961 पर्यंत पगारावर मर्यादा होती, 1958 साली ती आठवड्याला 20 पाउंड झाली.

आपल्याकडे हे समजायला पोळा पुरेसा आहे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सेकंदांवर ठरते. पण तोरणाखाली कोणाची जोडी उजवी, हे गाव सांगू शकतं, कारण ती वर्षभर वावरात राबताना गावाने पाहिलेली असते.

या नजरेचा माझा आवडता दाखला 1966 चा. त्या हंगामात वेस्ट हॅमच्या चाहत्यांनी जेफ हर्स्टला निवडलं. विश्वचषक अजून व्हायचा होता आणि इंग्लंडच्या संघात हर्स्ट नवखा होता. जिमी ग्रीव्ह्ज जखमी झाल्यावर त्याला जागा मिळाली, आणि 30 जुलैच्या अंतिम सामन्यात त्याने पश्चिम जर्मनीवर तीन गोल केले. जगाने त्याला ओळखलं ते नंतर. त्याच्या आधीच्या वर्षी चाहत्यांनी मार्टिन पीटर्सला निवडलं होतं. अंतिम सामन्यातल्या इंग्लंडच्या चार गोलांपैकी उरलेला एक त्याचा.

1967 मध्ये आणखी क्लबांनी हा मान सुरू केला. आर्सेनलचा पहिला मान फ्रँक मॅकलिंटॉकला, चेल्सीचा गोलकीपर पीटर बोनेटीला. नॉर्विचची गोष्ट निराळी. त्यांचा सेंटर-हाफ बॅरी बटलर 1966 साली मोटार अपघातात गेला. त्याच्या नावाने करंडक ठेवला गेला आणि पहिला टेरी ऑलकॉकला मिळाला. नॉर्विच हा शेतीचा भाग, तिथली मोहरी प्रसिद्ध. त्या गावाने आपला गेलेला माणूस असा दरवर्षी आठवणीत ठेवला, हे वाचून मला फार जवळचं वाटलं.

मँचेस्टर युनायटेडमध्ये हा पुरस्कार 1988 साली आला. पुढे तो मॅट बझबी या थोर व्यवस्थापकांच्या नावाने दिला जाऊ लागला. पहिला मानकरी गोल करणारा ब्रायन मॅक्लेअर, पण डेव्हिड डी गेआ या गोलकीपरला तो चारदा मिळाला. आता मतं बहुतेक मोबाइलवरून पडतात.

आमच्याकडे पिपाच राहील. मोजणीत काही चिठ्ठ्यांवर नावाखाली कारणही लिहिलेलं निघालं. डाव्या बॅकच्या एका चिठ्ठीवर पेन्सिलीने होतं : ‘गोल झाल्यावर बी हा वापस धावते.’