अंडे काढून घेतल्यानंतरही

प्राण्यांच्या चित्रफितींखाली ‘आईची माया’, ‘मुक्या जिवाची समज’ असे मथळे हमखास आढळतात. माया असेलही, परंतु भावनेचे नाव देऊन टाकले की ते वर्तन घडते कसे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो, आणि प्राणिवर्तनशास्त्राची सुरुवात तर नेमकी तेथून होते.

कलहंस या पाणपक्ष्याची मादी जमिनीवर घरटे करते. अंडे बाहेर घरंगळले, तर ती मान लांबवते, चोचीची खालची बाजू अंड्याच्या पलीकडे टेकवते आणि ते हळूहळू छातीकडे ओढून घेते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी 1938 मध्ये या साध्या कृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मादी अंडे ओढू लागल्यावर त्यांनी ते मध्येच काढून घेतले, तरीही तिची रिकामी चोच घरट्यापर्यंत ओढण्याची क्रिया पूर्ण करीत राहिली. मात्र अंडे असताना ते निसटू नये म्हणून चोचीच्या ज्या बारीक डाव्या-उजव्या हालचाली होत असत, त्या आता थांबल्या. म्हणजे आपल्याला एकसंध भासणाऱ्या कृतीत दोन घटक होते: एक, अंडे दिसताच सुरू होऊन पुढे त्याच्यावाचूनही शेवटास जाणारा, आणि दुसरा, अंड्याच्या स्पर्शावर क्षणोक्षणी अवलंबून असलेला. केवळ एक अंडे उचलून घेऊन वर्तनाचे असे घटक वेगळे करता यावेत, हे मला आजही विलक्षण वाटते. पहिला घटक दर वेळी तंतोतंत सारखाच असतो, ही कल्पना पुढील अभ्यासकांनी सौम्य केली; हे विभाजन मात्र टिकले.

लोरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी, 1963 मध्ये, टिनबर्गन यांनी कोणत्याही वर्तनाला चार प्रश्न विचारावेत असे सुचवले होते: ते कशामुळे सुरू होते, वाढीच्या काळात कसे घडते, जगण्यास त्याचा उपयोग काय आणि उत्क्रांतीत ते कसे आले.

कलहंसाच्या बाबतीत चौथा प्रश्न मोठा रोचक आहे. अरुंद चोचीपेक्षा रुंद पंखाने अंडे ओढणे सोपे गेले असते. तरीही समुद्रकिनारी आढळणारे कुरव पक्षीसुद्धा चोचच वापरतात. त्यामुळे केवळ सोय पाहून येथे उत्तर मिळत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या इतर पक्ष्यांशी तुलना करीत या सवयीचा इतिहास शोधावा लागतो.