मेकअप ब्रशची किंमत नेमकी कशाची?

तुळशीचं लग्न उरकलं की बेळगावात लगीनसराई सुरू होते आणि पांगुळ गल्लीतल्या कॉस्मेटिकच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. काउंटरवर दोन पावडर ब्रश ठेवलेले असतात. दोन्हींचा दांडा काळा, दोन्हींची केस धरून ठेवणारी पत्र्याची कडी सोनेरी. एकाची किंमत शंभराच्या आत, दुसऱ्याची हजाराच्या वर. पार्लरचा कोर्स नुकताच संपवलेली मुलगी विचारते, "ह्यात फरक काय हो?" दुकानदार म्हणतो, "ब्रँडचा आहे अक्का, घेऊन जावा की."

उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पदरचे पैसे घालून धंद्याला सुरुवात करणाऱ्या मुलीला याहून चांगलं उत्तर मिळायला हवं. ते मिळवायचं तर ब्रश चेहऱ्यापर्यंत कसा आला आणि त्याची किंमत कशावरून ठरत गेली, हे थोडं मागं जाऊन पाहावं लागतं.

आपल्याकडे चेहरा रंगवायचं साधन म्हणजे बोट. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर भंडारा कपाळी लागतो तो चिमटीनं आणि तळव्यानं. जुन्या बायका आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर बोटानं कुंकू बसवायच्या. काजळही बोटानंच, फार तर सुरम्याला सळई. रंगभूमीवरही हीच तऱ्हा होती. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पिढीपासून पुढे कितीतरी वर्षं पुरुष नटांच्या चेहऱ्यावर नायिका उभी राहिली ती मुख्यतः तळहात, बोटं आणि कापसाच्या बोळ्याच्या जोरावर. विष्णुदास भावे यांना 1843 मध्ये सांगलीत मराठी नाटकाची वाट दिसली ती उत्तर कन्नडमधल्या कर्कीच्या भागवत मंडळींचा खेळ पाहून. त्यांच्या यक्षगान या नृत्यनाट्याच्या परंपरेत राक्षसाच्या चेहऱ्यावर तांदळाच्या पिठाचे आणि चुन्याचे उंचवटे देतात तेही काडीनं.

केसांचा ब्रश होता, पण तो दुसऱ्यांच्या हातात. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या मूर्तिकाराकडे खारीच्या शेपटीच्या केसांचा बारीक कुंचला असायचा. आणि रोज माणसाच्या चेहऱ्याला लागणारा ब्रश होता सलूनमध्ये, दाढीच्या फेसाचा. मेकअप ब्रशचा हा थोरला भाऊ, आणि त्याच्या इतिहासातला एक प्रसंग प्रत्येक मेकअप आर्टिस्टला ठाऊक असावा असं मला वाटतं. चांगला दाढीचा ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा असे. पहिल्या महायुद्धात ते केस मिळेनासे झाले, तेव्हा घोड्याचे स्वस्त केस रंगवून 'बॅजर' म्हणून खपवले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून ब्रिटन आणि अमेरिकेत दाढी करणाऱ्या सैनिकांना आणि सामान्य नागरिकांना अँथ्रॅक्स हा जनावरांपासून होणारा जीवघेणा रोग झाला, काही दगावले. त्यानंतर ब्रशच्या केसांच्या निर्जंतुकीकरणाचे नियम कडक झाले. केस कुठला आणि तो साफ कसा केला, ही विचारणा तेव्हापासूनची आहे.

युरोपातल्या नाटकवाल्यांचं साधन आणखी वेगळं होतं. गालाला लाली लावायला ते सशाचा वाळवलेला पाय वापरत, त्याच्या मऊ लवेमुळे. चित्रकारांचे ब्रश पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या नळीत केस बांधून करत, त्यामुळे ते गोलच असत. एकोणिसाव्या शतकात पत्र्याची कडी आली. पत्रा दाबता येतो, म्हणून चपटा ब्रश शक्य झाला. आज आपण फाउंडेशनला किंवा आयशॅडोला जो चपटा ब्रश घेतो तो या पत्र्याची देणगी. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या आसपास ब्रशचा मोठा धंदा उभा राहिला आणि तिथल्या बेखहोफेन गावात आजही ब्रशचं संग्रहालय आहे.

पण उत्तम मेकअप ब्रश म्हणून जगात ज्याचं नाव घेतात तो जपानचा, हिरोशिमा प्रांतातल्या कुमानो गावचा. डोंगरांनी वेढलेलं, आज सुमारे 24 हजार वस्तीचं गाव. शेतजमीन तोकडी, म्हणून एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) इथले शेतकरी सुगी संपली की नारा आणि वाकायामाच्या भागात मजुरीला जात. परतताना नाऱ्याहून लिहायचे कुंचले आणि शाई विकत घेत आणि वाटेतल्या गावांत विकत विकत घरी येत. चंदगड-खानापूरकडच्या ज्या घरांतली माणसं पोटासाठी मुंबई-गोव्याला गेली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावच्या तरुणांनी कुंचला बांधायची विद्याच बाहेरून शिकून आणली. आज जपानमधल्या ब्रशपैकी सुमारे 80 टक्के या एका गावात बनतात.

त्यांची रीत पाहिली की किंमत कुठं जाते ते दिसू लागतं. बकरीच्या केसात नैसर्गिक तेल असतं. ते काढायला केसांवर भाताच्या तुसाची राख टाकतात, त्यावरून गरम इस्त्री फिरवतात आणि मग ती जुडी हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात. राख तेल ओढून घेते. (खानापूर भागात तुसाच्या राखुंडीनं दात घासलेल्या माणसांना राखेचा हा गुण माहीत आहे.) त्यानंतर खरं जिकिरीचं काम येतं. जुडी हातात धरून कारागीर उलटे बसलेले, तुटक्या टोकाचे, पिळवटलेले केस सुरीच्या पात्यानं एकेक करून काढून टाकतो. यात पुष्कळ केस फुकट जातात. उरलेले केस टोकं खाली करून लाकडाच्या छोट्या साच्यात सोडतात, हलके ठोकतात आणि साच्याच्या तळाच्या गोलाईप्रमाणे ब्रशला आकार येतो. आकार देण्यासाठी टोकाला कात्री लावायची नाही, हा तिथला दंडक.

सगळी मेख या दंडकात आहे. जनावराचा केस बुंध्याशी जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. ते टोक शाबूत असेल तर ब्रश गालावर मऊ लागतो आणि पावडर विरळ, सारखी पसरते. स्वस्त ब्रशमध्ये केस कसेही भरतात आणि शेवटी कात्रीनं गोल कापतात. दिसायला तो अगदी रेखीव दिसतो, कधी कधी महागड्यापेक्षाही रेखीव. पण कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून तो टोचतो आणि रंगाचे पट्टे उठवतो. म्हणजे चांगल्या ब्रशच्या किमतीचा मोठा वाटा निवडून फेकून दिलेल्या केसांचा आणि ते निवडणाऱ्या हातांचा होता.

कुमानोचे कुंचले मुळात लिहायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या प्राथमिक शाळांतून सुलेखन वगळलं गेलं आणि गावाचं गिऱ्हाईक एकदम आटलं. 1950 च्या दशकात हेच कारागीर चित्रकलेच्या आणि मेकअपच्या ब्रशकडे वळले. 1975 मध्ये कुमानोच्या कुंचल्याला जपान सरकारनं पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. 2011 मध्ये जपानच्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा राष्ट्रीय सन्मानासोबत खेळाडूंना भेट दिली ती कुमानोच्या मेकअप ब्रशची. याच गावात परदेशी कंपन्यांचे ब्रशही त्या त्या कंपनीच्या नावानं बनत आले आहेत. दांड्यावरचं नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, ही या धंद्यातली जुनी पद्धत आहे.

सामान्य बाईच्या हातात ब्रश यायला मात्र वेळ लागला. मॅक्स फॅक्टर कंपनीचा पॅनकेक, म्हणजे वडीसारखं घट्ट फाउंडेशन, 1930 च्या दशकाच्या शेवटी सिनेमातून बाजारात आला तो ओल्या स्पंजनं लावायचा होता. आपल्याकडे 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली, पण घराघरांत होती ती स्नो, पावडर आणि पावडरच्या डब्यातला पफ. मेकअप आर्टिस्ट लोकांनी आपल्या कामाची हत्यारं दुकानात विकायला काढली तेव्हा चित्र बदललं. कॅनडात 1984 मध्ये मॅक आणि अमेरिकेत 1991 मध्ये बॉबी ब्राउन ही मेकअप कंपनी सुरू झाली, आणि प्रत्येक कामाला वेगळा ब्रश ही कल्पना गिऱ्हाइकापर्यंत पोचली. त्याबरोबर हत्याराला नावाची किंमत चिकटली.

दुसरा मोठा बदल तंतूत झाला. नायलॉनचे केस लावलेला टूथब्रश अमेरिकेत 1938 मध्ये आला. सुरुवातीचे तंतू जाड, सरळसोट आणि बोथट होते; चेहऱ्याला ते चालण्यासारखे नव्हते. पुढे पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरचे तंतू आले. त्यांची टोकं कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र द्रावणात बुडवली की ती झिजून निमुळती होतात. कुमानोचा कारागीर जे टोक केस निवडून निवडून राखायचा, ते आता रसायनानं हवं तेवढं तयार होऊ लागलं. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या सॅम आणि निक चॅपमन या मेकअप आर्टिस्ट बहिणींनी रिअल टेक्निक्स नावानं परवडणारे कृत्रिम तंतूंचे ब्रश आणले. चीनमधले कारखाने तर आज बाराशेचा आणि सत्तरचा, दोन्ही ब्रश बनवतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आज फाउंडेशन, डाग झाकायचा कन्सीलर, क्रीम ब्लश अशा ओल्या कामासाठी महाग नैसर्गिक केसाचा ब्रश घेण्यात अर्थ नाही. नैसर्गिक केसावर बारीक खवले असतात. ते कोरडी पावडर छान धरून ठेवतात, पण ओलं फाउंडेशन पिऊन घेतात आणि धुताना सोडत नाहीत. कृत्रिम तंतू काही पीत नाही. नैसर्गिक केसाचा दावा उरतो तो फक्त पावडर, ब्लश आणि आयशॅडो मिसळण्यापुरता, आणि तिथंही चांगला निमुळता तंतू आता फार मागं नाही.

नैसर्गिक केसाबाबत आपल्या देशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवण्याचं जुनं केंद्र. चित्रकलेच्या ब्रशसाठी वर्षानुवर्षं मुंगसाचे केस वापरले गेले आणि त्यासाठी मुंगसं मारली गेली. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे; त्याची शिकार आणि केसांचा व्यापार दोन्ही गुन्हा आहेत. 2019 मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावानं वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं याविरुद्ध मोहीम घेतली. मेकअपचा ब्रश बहुधा बकरीच्या किंवा घोड्याच्या केसांचा असतो, तरी 'ओरिजिनल हेअर' एवढंच सांगून कुणी ब्रश पुढं केला, तर केस कोणत्या प्राण्याचा हे विचारावं. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल, तर तो ब्रश घेऊ नये.

आता हातात घेऊन पाहायचं कसं? अथणीला चप्पल घेणारा जाणकार वरची वेणी बघून भुलत नाही. उलटी करून तळाची शिवण बघतो. (कोल्हापुरी म्हणून जाणाऱ्या या चपलेच्या 2019 च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे.) ब्रशचंही तसंच. ब्रश हाताच्या पाठीवर दाबून गोल फिरवा. टोचलं तर टोकं कापलेली आहेत. दांडा एका हातात आणि कडी दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळा; कडी हलली तर आतलं गोंदाचं काम कच्चं. केसांना हलका ताण द्या. नव्या ब्रशचे एकदोन केस येतात, पण दर वेळी येत राहिले तर तो ब्रश नवरीच्या ओल्या फाउंडेशनवर केस चिकटवणार. दाबून सोडल्यावर केस पुन्हा जागेवर यायला हवेत. गडद रंगाचा केस असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून रंग सुटतो का पाहा. नाकाजवळ नेल्यावर जनावराचा वास आला, तर केस नीट धुतलेलेच नाहीत.

बारा-पंधरा ब्रशांचा सेट स्वस्त वाटतो, पण त्यातले चार-पाचच रोज हाताला लागतात. त्यापेक्षा त्याच पैशांत एक दाट फाउंडेशन ब्रश, एक मोठा पावडर ब्रश आणि डोळ्यांसाठी एक मऊ ब्लेंडिंग ब्रश सुटे घ्यावेत, जास्त पैसे ब्लेंडिंग ब्रशवर घालावेत. पापणीची कातडी सगळ्यात नाजूक आणि तिथला पट्टा फोटोत लगेच दिसतो. भुवयांचा किंवा ओठांचा ब्रश साधा चालतो.

हवेचाही विचार करावा लागतो. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत बकरीच्या केसांचा ब्रश रात्रीत वाळतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात तोच दिवस दिवस दमट राहतो आणि कुबट वास धरतो, म्हणून घाटाकडच्या मुलींनी कृत्रिम तंतूच पसंत करावा. एकाच मांडवात नवरी, करवली आणि आई अशा तिघींचा मेकअप असेल, तर मध्ये ब्रश साफ करायचे किंवा दुसरा जोड ठेवायचा. दाढीच्या ब्रशनं शंभर वर्षांपूर्वी काय केलं ते वर आलंच आहे. धुताना पाणी कडीपर्यंत जाऊ द्यायचं नाही, सौम्य शॅम्पू पुरे. धुतलेला ब्रश ग्लासात उभा करून ठेवला की पाणी कडीत उतरतं, लाकूड फुगतं, गोंद सुटतो आणि बाराशेचा ब्रशही सहा महिन्यांत केस गाळू लागतो. तो टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा, केसांचा भाग बाहेर लोंबता, म्हणजे सगळ्या बाजूंनी वारं लागतं.